दक्षिण मोकळी ठेवा : कोलकात्यातलं घर, विजेचं बिल आणि गिऱ्हाईक

बदलीने कोलकात्यात गेलेली, तिथेच फ्लॅट घेतलेली आणि निवृत्तीच्या सुमारास तो विकून पुण्या-नागपूरला परतणारी मराठी कुटुंबं प्रत्येकाच्या नात्यात एखादं तरी असतं. विकायच्या आधी घर जरा नीट करून घेऊ, वीजही वाचेल, भावही चांगला येईल, असं म्हणून खर्च होतो आणि पुष्कळदा तो भलत्याच जागी होतो. घर कशाने तापतं, कशाने थंड राहतं याबद्दलच्या आपल्या समजुती देशावरच्या आणि विदर्भातल्या कोरड्या हवेत घडलेल्या आहेत. कोलकात्याची हवा दमट आहे. शिवाय बिल कमी करणारी वस्तू आणि गिऱ्हाईक खेचणारी सुधारणा या दरवेळी एकच नसतात. काही गोष्टी तुमच्याबरोबर सामानात निघून जातात, काही घरातच राहतात. घेणारा पैसे मोजतो ते फक्त दुसऱ्या प्रकाराचे.

गैरसमज : दक्षिणेचं घर तापतं, वर अशुभही

आपल्याकडे पूर्वेचं दार हवं असतं. दक्षिण म्हटली की कपाळाला आठी पडते. कोलकात्यात गिऱ्हाईक पहिलं विचारतं ते 'दोक्खिन खोला' आहे का, म्हणजे दक्षिण बाजू मोकळी आहे का, आणि तशा फ्लॅटला जास्त पैसे द्यायची त्याची तयारी असते. याचं कारण भूगोलात आहे. उन्हाळ्यात तिथला वारा बंगालच्या उपसागराकडून, दक्षिणेतून येतो. उन्हाचं म्हणाल तर कोलकाता साधारण २२.५ उत्तर अक्षांशावर आहे आणि कर्कवृत्त त्याच्या थोडं वर, कृष्णनगरजवळून जातं. जूनमध्ये भर दुपारी सूर्य जवळपास डोक्यावर असतो. २१ जूनला तर तो किंचित उत्तरेकडेच कललेला असतो. त्या दिवसांत दक्षिणेच्या खिडकीला दीड-दोन फुटांचा छज्जा पुरतो. डिसेंबरात दुपारचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४४ अंश वर असतो, तेव्हा तेच ऊन खोलीत शिरतं, आणि तेव्हा ते हवंच असतं.

खरे वैरी दोन : वरचं छत आणि पश्चिमेची भिंत. चारनंतरचं ऊन तिरपं येतं, त्याला छज्जा अडवू शकत नाही.

तरीही लोक काय करतात, तर दक्षिणेची बाल्कनी सरकत्या काचांनी बंद करतात. खोली मोठी झाल्यासारखी वाटते म्हणून. दोन तावदानांची सरकती खिडकी पूर्ण उघडली तरी निम्मीच उघडते, म्हणजे निम्मा वारा तिथेच गेला. निवासी इमारतींसाठी केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोने २०१८ मध्ये 'इको निवास संहिता' काढली. तिच्यात उघडता येणाऱ्या खिडक्या-दारांचं क्षेत्र जमिनीच्या क्षेत्राच्या किती टक्के असावं ते हवामानानुसार दिलं आहे : उष्ण-कोरड्या भागात किमान १० टक्के, उष्ण-दमट भागात १६.६६ टक्के. म्हणजे कोलकात्याला जैसलमेरपेक्षा दीडपटीहून जास्त उघडी जागा लागते. त्यातून बंद केलेली बाल्कनी मंजूर नकाशाशी जुळत नाही, आणि घेणाऱ्याला कर्ज देणाऱ्या बँकेचा मूल्यांकन करणारा माणूस हातात तोच नकाशा घेऊन येतो. अशा घराची सर्वांत स्वस्त सुधारणा म्हणजे ती काच उतरवणं.

गैरसमज : जुन्या झडपांच्या खिडक्या काढल्या की घर आधुनिक होतं

उत्तर कोलकात्यात, बागबाजारकडे (तिथे अजून 'मराठा डिच लेन' आहे, १७४२ च्या आसपास आपल्याच घोडेस्वारांच्या धाकाने खणलेल्या खंदकाची आठवण) किंवा दक्षिणेत भवानीपूरला फिरलात तर हिरव्या रंगाच्या लाकडी झडपांच्या खिडक्या दिसतील. बंगालीत त्यांना 'खडखडी' म्हणतात. तिरप्या पट्ट्या ऊन बाहेरच अडवतात, पाऊस आत येऊ देत नाहीत, आणि वारा मात्र येत राहतो. लेखक अमित चौधुरी यांनी २०१५ मध्ये कोलकात्याची अशी साधी, राजवाडे नसलेली घरं वाचवण्यासाठी मोहीम सुरू केली. त्यांनी दाखवून दिलेल्या खुणांत या खिडक्या आहेत, लाल फरशा आहेत आणि भिंतीत वर ठेवलेले नक्षीदार झरोकेही आहेत. मोहीम वारशासाठी होती. पण वीजबचतीचा सल्लागार नेमला असता तर त्यानेही निम्मी यादी हीच दिली असती.

काचेतून आत आलेली उष्णता आतल्या पडद्याने अडत नाही, कारण ती आत येऊन चुकलेली असते. पडदा तापतो आणि खोलीतच उष्णता सोडतो. म्हणून सावली काचेच्या बाहेर हवी. नव्या फ्लॅटला खडखडी बसवायला कोणी सांगत नाही. पश्चिमेच्या बाल्कनीत बाहेरच्या बाजूला बांबूची गुंडाळता येणारी चटई सोडली तरी काम होतं. मात्र जुनं घर विकत असाल तर मोडकी खडखडी काढण्यापेक्षा सुतार बोलावून दुरुस्त करा. जुन्या घराचं गिऱ्हाईक बहुधा त्या खिडक्यांवरच भाळून आलेलं असतं.

गैरसमज : वरच्या मजल्यावर मोठा एसी घेतला की प्रश्न मिटला

स्वच्छ दुपारी छताच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे एक किलोवॉट इतकं ऊन पडतं. काळवंडलेलं काँक्रीट त्यातलं बहुतेक पिऊन घेतं आणि रात्री बारापर्यंत खाली सोडत राहतं. मोठा एसी त्याच्याशी झुंजतो, आणि बिल तुम्ही भरता. ताजा पांढरा लेप ७० ते ८० टक्के ऊन परतवून लावतो. चुन्याचा हात दिला तर खर्च किरकोळ. चांगला परावर्तक रंग महाग पण टिकाऊ. अहमदाबादने २०१७ मध्ये थंड छतांचा उपक्रम हाती घेतला, तेलंगणाने २०२३ मध्ये त्यासाठी धोरणच केलं. कोलकात्यात एक अडचण ध्यानात ठेवायची : चार महिन्यांच्या पावसात छतावर शेवाळ धरतं आणि पांढरं काळं होतं. म्हणून दर फाल्गुनात घासून पुन्हा हात द्यावा लागतो. नुसतं पीओपीचं खोटं छत लावून उष्णता फारशी थांबत नाही, कारण वरचा स्लॅब तापलेलाच राहतो.

फ्लॅटचं छत सामायिक असतं. शेजाऱ्यांची संमती घ्या. पांढऱ्या रंगाला सहसा कोणी नाही म्हणत नाही.

एसीबद्दल दोन गोष्टी. दमट हवेत त्याचं बरंचसं काम हवेतलं पाणी काढून टाकण्याचं असतं. खोलीच्या मानाने मोठा एसी पटकन गार करून बंद पडतो, पाणी काढायला त्याला वेळच मिळत नाही, आणि खोली गार पण चिकट राहते. आणि १८ अंशांवर लावल्याने साधा एसी लवकर गार करत नाही, फक्त जास्त वेळ चालतो. एक अंश वर लावला की सुमारे ६ टक्के वीज वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्यूरो सांगतो. म्हणूनच १ जानेवारी २०२० पासून नवे एसी मुळातच २४ अंशांवर लावून येतात.

गैरसमज : नागपूरचा कूलर इथेही चालेल

चालत नाही. पाण्याचं बाष्प होताना हवा गार होते, पण हवेत आधीच बाष्प भरलेलं असेल तर पाणी उडणार कुठे? नागपुरात मेमध्ये ४३ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असताना वाळ्याच्या ताट्यांचा कूलर हवेला पंचविशीपर्यंत आणू शकतो. कोलकात्यात ३५ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता असेल तर सर्वोत्तम कूलरही २९ च्या खाली जाऊ शकत नाही, आणि खोलीतली ओल मात्र वाढवतो. ट्रकमध्ये भरून नेऊ नका.

तिथला राजा पंखा. जुना पंखा ७५ वॉट घेतो, नवा, ब्रशविरहित मोटरचा बीएलडीसी ३० च्या आसपास. दिवसाला १४ तास आणि वर्षाला २७० दिवस धरले तर एका पंख्यामागे सुमारे १७० युनिट वाचतात. युनिटला ८ रुपये धरले तर साडेतेराशे रुपये. पंख्याची किंमत दोन-अडीच वर्षांत वसूल. पंख्यांना ताऱ्यांचं लेबल २०२३ पासून सक्तीचं आहे. अर्थात पंखा हवा गार करत नाही, अंगावरचा घाम वाळवतो. रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा फक्त मीटर फिरवतो.

गैरसमज : विकण्याआधी रंग काढला की ओल झाकते

काही महिने झाकते. जुनी घरं चुना आणि सुरकीत, म्हणजे विटांच्या भुकटीत बांधलेली आहेत. अशी भिंत जमिनीतलं पाणी ओढते आणि वाळवूनही टाकते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा आणि वर प्लास्टिकसारखा रंग चढवला की पाणी बाहेर पडायला वाट राहत नाही; ते वर चढतं, लोणा धरतो, पोपडे सुटतात. ओली भिंत कोरडीपेक्षा जास्त उष्णता आत आणते आणि एसीला आणखी पाणी उपसायला लावते. म्हणजे ओल हा दिसण्याइतकाच बिलाचाही प्रश्न आहे.

दुर्गापूजेच्या आधी घर रंगवून घ्यायची तिथे घाई असते, आणि तोच भिंतीत सर्वाधिक पाणी मुरलेला काळ. आधी गळके पावसाळी पाइप, न्हाणीघराची गळती, गच्चीच्या पन्हाळी शोधा. भिंत डिसेंबर ते मार्चच्या कोरड्या हवेत सुकू द्या. मग जुन्या भिंतीला चुन्याचाच गिलावा करा. कोलकात्याचा खरेदीदार रंग बघत नाही. तो कोपऱ्यात जाऊन भिंतीला तळहात लावतो.

गैरसमज : सौर पॅनेल म्हणजे वीज गेल्याची काळजी नाही

बॅटरी नसलेलं, वीजजाळ्याला जोडलेलं पॅनेल जाळं बंद पडलं की स्वतःही बंद पडतं. तारांवर काम करणाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी ते तसंच केलेलं असतं. २० मे २०२० च्या अम्फान वादळानंतर शहराचे काही भाग कित्येक दिवस अंधारात होते. अशा वेळी पॅनेल छतावर असूनही उपयोग नाही. स्वतंत्र घर असेल तर हिशेब तरीही चांगला बसतो : फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'पीएम सूर्यघर' योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान आहे आणि त्याला सावली नसलेली साधारण ३० चौरस मीटर जागा लागते. फ्लॅटमध्ये सोसायटीने लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांसाठी बसवावं. त्याला किलोवॉटमागे १८,००० रुपये मिळतात. बांधणी वादळाला टिकणारी हवी.

गैरसमज : वीज वाचवणाऱ्या घराला आपोआप जास्त भाव येतो

ही समजूत युरोप-अमेरिकेतून आली. युरोपात घर विकताना ऊर्जेचं प्रमाणपत्र दाखवावंच लागतं, त्यामुळे घेणारा त्याची तुलना करू शकतो. आपल्याकडे घरांसाठी ताऱ्यांचं लेबल २०१९ मध्ये आलं, पण ते ऐच्छिक आहे आणि जुन्या फ्लॅटच्या व्यवहारात ते दिसत नाही. म्हणून पुरावा तुम्हीच ठेवा : एप्रिल ते सप्टेंबरची विजेची बिलं एका फायलीत लावा आणि गिऱ्हाईक आलं की मंजूर नकाशाबरोबर समोर ठेवा. घर दाखवायची वेळ मेमधल्या दुपारी चारची ठेवा, दक्षिणेच्या खिडक्या सताड उघड्या आणि एसी बंद. करारात मात्र स्पष्ट लिहून घ्या की बीएलडीसी पंखे आणि एसी तुम्ही नेणार की ठेवणार. व्यवहार पक्का झाल्यावर याच चार पंख्यांवरून दोन घरांत अबोला होतो.