बॅरिस्टर म्हणजे कोण?

विलायतेहून कोणी शिकून आला आणि त्याच्या नावापुढे ‘बॅरिस्टर’ लागले, की साध्या वकिलापेक्षा याला कायदा जास्त कळतो, असे आपल्याकडे मानीत. हा समज बरोबर नव्हता. बॅरिस्टर ही विद्यापीठाची पदवी नव्हेच. इंग्लंडच्या कोर्टात दुसऱ्याच्या वतीने उभे राहून बोलण्याची ती सनद आहे. आणि कोर्टात कोणी बोलावे, कोणी गप्प राहावे, या प्रश्नावर त्या देशात कित्येक शतके लोकांचे मान, पैसा आणि प्रसंगी प्राणसुद्धा अवलंबून होते.

आधी शब्द पाहू. ‘बार’ म्हणजे आडवा दांडा, कठडा. लंडनमध्ये लिंकन्स इन, ग्रेज इन, इनर टेंपल आणि मिडल टेंपल अशा चार जुन्या संस्था आहेत. तेथे कायद्याचे विद्यार्थी एकत्र राहत, जेवत आणि लुटुपुटीचे खटले चालवून वादाचा सराव करीत. जो तयार झाला त्याला ‘बारला बोलावीत’. गंमत अशी, की परीक्षेइतकाच पंगतीला मान होता! ठरलेली जेवणे झाल्याशिवाय सनद मिळत नसे. गांधीजींनी इनर टेंपलमध्ये हा सारा विधी पुरा करून १८९१ साली सनद घेतली. डॉ. आंबेडकर ग्रेज इनचे.

पण बॅरिस्टर झाला तरी अशील थेट त्याच्या दारात जाऊ शकत नसे. कागदपत्रे जमवणारा, अशिलाशी बोलणारा तो सॉलिसिटर. कोर्टात भांडणारा तो बॅरिस्टर. म्हणजे दोघांची फी आली. अलीकडे ही भिंत बरीच खाली आली आहे.

या मंडळींतही पायऱ्या होत्या. सर्वांत जुनी पायरी सार्जंटची. आपल्याकडे सार्जंट म्हटले की पोलीस आठवतो; हा मात्र ‘कायद्याचा सेवक’. डोक्याला घट्ट बसणारी पांढरी टोपी ही त्याची खूण. ‘कॉमन प्लीज’ या मोठ्या दिवाणी कोर्टात वाद करण्याचा हक्क फक्त सार्जंटांना होता. गिऱ्हाईक अडलेले आणि दुकाने मोजकी, मग भाव कोण उतरवणार? ही मक्तेदारी १८४६ साली कायद्याने मोडली. न्यायाधीश होण्याआधी सार्जंट व्हावे लागे, तो नियम १८७३ च्या कायद्याने गेला. मग नवे सार्जंट होईनात. लॉर्ड लिंडले हे इंग्लंडचे शेवटचे सार्जंट १९२१ साली वारले.

दुसरी पायरी राजाच्या वकिलाची, म्हणजे ‘किंग्ज कौन्सेल’ची. गादीवर राणी असली की तोच ‘क्वीन्स कौन्सेल’. एलिझाबेथ राणीने फ्रान्सिस बेकनला हा मान पहिल्याने दिला. पुढे ते केवळ श्रेष्ठत्वाचे पद झाले. हा वकील रेशमी झगा घालतो आणि कठड्याच्या आत बसतो. बाकीच्यांचा झगा साध्या कापडाचा, जागा बाहेरची. म्हणून बढती मिळाली की ‘रेशीम घेतले’ असे म्हणतात. बाहेरचे ते सगळे ‘ज्युनियर’, मग केस पिकलेले का असेनात! मोठा वकील दिला की सोबत ज्युनियर द्यायलाच हवा, हा नियम १९७७ पर्यंत होता. रेशमाची किंमत कोण भरी, हे सांगायला नकोच.

आता मनाला लागणारी गोष्ट. एवढे वकील, एवढे मान. पण १८३६ पर्यंत इंग्लंडात चोरी, खून अशा गंभीर गुन्ह्यांच्या आरोपीचा वकील ज्यूरीपुढे भाषण करू शकत नसे. साक्षीदारांना प्रश्न विचारील, कायद्याचा मुद्दा काढील, बस्स. स्वतःची बाजू आरोपीनेच मांडायची. अठराव्या शतकात कित्येक चोऱ्यांनाही फाशी होती. अक्षरशत्रू, घाबरलेला माणूस बारा पंचांपुढे काय बोलणार?

किरकोळ गणलेल्या गुन्ह्यांत मात्र वकिलाला बोलता येई. १७९२ साली टॉमस पेन या लेखकावर राजद्रोही लिखाणाबद्दल खटला झाला, तेव्हा टॉमस अर्स्किन यांनी त्याचे वकीलपत्र घेतले. ते युवराजाचे वकील होते. ती जागा त्यांना गमवावी लागली. खटलाही हरले. पण इंग्लंडचा बॅरिस्टर आजही एक नियम मानतो, त्याला आधार म्हणून अर्स्किन यांचेच नाव घेतात. टांग्याच्या अड्ड्यावर नंबर लागला की टांगेवाल्याने उतारू पाहून नाही म्हणायचे नाही, तसा हा नियम. काम आपल्या विषयातले असेल, वेळ असेल, फी योग्य असेल, तर अशील आवडत नाही म्हणून बॅरिस्टरने नकार द्यायचा नाही.

बायकांना तर १९१९ च्या कायद्यापर्यंत कठडा बंदच होता. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजींनी १८९२ साली ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा दिली. लिंकन्स इनने त्यांना बारला बोलावले १९२३ साली. मधली एकतीस वर्षे मोजा.

आपल्याकडे १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टने बॅरिस्टर आणि वकील हा भेद पुसून सर्वांना ॲडव्होकेट केले. तरी एक पायरी राहिली आहे. सुप्रीम कोर्ट किंवा हायकोर्ट काहींना ‘सीनियर ॲडव्होकेट’ ठरवते. या सीनियरला वकीलपत्र दाखल करता येत नाही. सोबत दुसरा वकील लागतोच. तेव्हा कोणी मोठा वकील द्यायचा सल्ला दिला, तर फी एकाची की दोघांची, हे आधी विचारून घ्यावे.