दुष्काळातली साक्ष

मराठी ख्रिस्ती साहित्याचा आढावा म्हटला की लिहिणाऱ्यांची वाट ठरलेली असते. १६१६ साली गोव्यात छापलेलं फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'क्रिस्तपुराण' आणि त्याच्या अकरा हजारांच्या घरातल्या ओव्या, १८१३ साली मुंबईत उतरलेलं अमेरिकन मिशन, १८४२ साली नगरहून निघालेला 'ज्ञानोदय', १८५७ सालचं बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन', आणि मधे पाद्री व शास्त्री यांच्यातल्या खंडनमंडनाच्या पुस्तिका. हे सगळं दिवाळी अंकांच्या वाचकांनी अनेकदा वाचलेलं आहे, म्हणून मी ते पुन्हा सांगत बसणार नाही. स्टीफन्स थोर होतेच. ज्यांना केवळ भाषेचा इतिहास लिहायचा आहे त्यांनी तिथे हवा तितका मुक्काम करावा. पुस्तिकांचं युद्ध मात्र मला तरुणपणीही कंटाळवाणं वाटायचं आणि आज तर ते चाळवतही नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. आमच्यातलेच काही विद्वान असं धरून चालतात की मराठी ख्रिस्ती माणसाची सगळी कथा बाप्तिस्म्याच्या दिवशी संपते. आधी शंका, मग वाचन, मग वाद, मग निर्णय, मग गावात गदारोळ, इथवर ते मोठ्या हौसेनं लिहितात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माणसाला पाणी कोणी दिलं, पुढच्या दुष्काळात त्याच्या घरी दाणे कुठून आले, पोर दगावलं तेव्हा शेजारी कोण येऊन बसलं, हे त्यांच्या पुस्तकांत सापडत नाही. श्रद्धा तर तिथेच जगावी लागते. पन्नासएक वर्षं मी हेच म्हणत आलो आहे आणि अजूनही मला त्यात बदल करावासा वाटत नाही.

नारायण वामन टिळकांचंच बघा. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एक अनोळखी गोरा गृहस्थ भेटतो, गप्पा होतात, जाताना तो नव्या कराराची प्रत हातात ठेवतो. पुढे 'ज्ञानोदय'मधून अमेरिकन मिशनचे डॉ. जस्टिन ॲबट यांच्याशी शंकासमाधान चालतं आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा होतो. ही हकिगत शंभर जणांनी लिहिली आहे. तिच्यातली एक गोष्ट मात्र बहुतेकांच्या नजरेतून निसटते. टिळकांना ख्रिस्त दोन माणसांच्या हातून मिळाला. एक वाटेत भेटलेला आणि पुन्हा कधी न दिसलेला, दुसरा महिनोन्‌महिने धीरानं उत्तरं लिहिणारा. ॲबट हे वादात जिंकायला बसलेले नव्हते. पुढे याच माणसानं निवृत्तीच्या काळात महाराष्ट्रातल्या संतांची चरित्रं नि काव्य इंग्रजीत नेण्यात आयुष्य घातलं. टिळकांना तुकोबांच्या वाटेनं ख्रिस्ताकडे जाता आलं त्यामागे असे मित्र होते.

पण खरी गोष्ट टिळकांची नाही, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची आहे. हे मी म्हणतो तेव्हा टिळकभक्त अजूनही रागावतात.

लक्ष्मीबाईंचं माहेर नाशिकजवळच्या जलालपूरचं. वडिलांचं सोवळं इतकं कडक की घरातली माणसं त्या सोवळ्याखाली दबून गेलेली. अकराव्या वर्षी लग्न. नवरा कवी, मनस्वी, हातात पैसा न टिकणारा, कधी कुठे निघून जाईल याचा नेम नाही. आणि मग एक दिवस तो ख्रिस्ती झाल्याची बातमी येते. पदरात लहानगा दत्तू. पुढची काही वर्षं त्यांनी नातेवाइकांच्या आधारानं काढली. त्या काळात त्यांना सावरलं ते त्यांच्याच हिंदू आप्तांनी, आणि 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र लिहिताना त्या कोणाचंही ऋण विसरलेल्या नाहीत. आमच्या समाजातल्या काही जणांना हे प्रकरण अडचणीचं वाटतं. मला त्यातच पुस्तकाचा गाभा दिसतो. देवावरचा भरवसा बाईंना पुस्तकातून कोणी शिकवला नाही. हाती काहीच उरलं नव्हतं आणि तरी रोज कोणीतरी माणूस पाठीशी उभा राहत होता, त्या अनुभवातून तो त्यांच्यात मुरला.

नंतर त्या टिळकांकडे नगरला आल्या. मिशनच्या आवारात राहूनही आपलं पाणी वेगळं, चूल वेगळी, सोवळं चालूच. टिळकांनी त्यांना ख्रिस्ती व्हायला भाग पाडलं नाही. जातीची गाठ बाईंच्या मनात त्यांची त्यांनाच सुटली. भेद माणसांनी केले, देवानं केले नाहीत, असं एकदा मनाला पटल्यावर त्या कोणाच्याही हातचं खायला लागल्या. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. आधी पंगत, मग पाणी, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. उलट क्रमानं ख्रिस्ती झालेली आणि चार पिढ्या जात उराशी धरून बसलेली घरं मी आमच्याच मंडळ्यांमध्ये पाहिली आहेत, लग्नं जुळवताना तर फार जवळून पाहिली आहेत.

त्यानंतरचं त्यांचं घर म्हणजे धर्मशाळाच होती. पोरकी मुलं तिथे वाढली, प्लेगच्या छावणीत बाईंनी रोग्यांची सेवा केली, आणि त्याच घरी त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे बालकवी, येऊन राहिले. त्यांच्यावर लक्ष्मीबाईंनी पोटच्या पोरासारखी माया केली. ठोंबरे रुसायचे, भांडायचे, पुन्हा त्यांच्याच हातचं जेवायचे. ते हिंदूच राहिले आणि त्या घरात कोणी त्यांच्या मागे लागलं नाही. ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली सापडून ते गेले. पुढच्या वर्षी मे महिन्यातच, ९ तारखेला, टिळक गेले. वर्षभराच्या अंतरानं मानलेला मुलगा आणि नवरा दोघेही गेलेल्या या बाईनं मग काय केलं? नवऱ्यानं अर्धवट सोडलेलं 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य हाती घेतलं आणि त्यात ६४ अध्यायांची भर घातली. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईनं ६४ अध्याय! त्यातली कविता टिळकांच्या तोडीची नाही असं एक थोर समीक्षक एकदा माझ्यासमोर म्हणाले. मी त्यांना एवढंच विचारलं, की इतकं दुःख पचवून इतकी वर्षं रोज लिहायला बसायचं तर माणूस कशाच्या बळावर बसतो? उत्तर आलं नाही.

'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाली. शेवटचा भाग त्यांच्या १९३६ मधल्या निधनानंतर मुलाच्या, देवदत्तांच्या हातून आला. त्यात पानापानावर हसू आहे, हे सगळेच सांगतात. मी सांगेन की त्यात पानापानावर प्रार्थना आहे, पण ती कुठेही प्रार्थना म्हणून लिहिलेली नाही. डब्यात पीठ नाही आणि दारात पाहुणे उभे, तरी बाई पाट मांडतात. भरवसा याहून वेगळा काय असतो?

पंडिता रमाबाईंबद्दल लिहिताना हात जरा आखडतो, कारण त्यांच्यावर आता ग्रंथांचे ढीग आहेत. आई, वडील, बहीण दुष्काळात एकापाठोपाठ गेलेली, भावाबरोबर देशभर पायी फिरलेली, विवाहानंतर दोन वर्षांच्या आत विधवा झालेली ही बाई १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेते, हे ठाऊक आहेच. मला त्यांच्या पत्रांविषयी बोलायचं आहे. वाँटेजच्या सिस्टर जेरल्डीन आणि चेल्टनहॅमच्या डोरोथिआ बील यांच्याशी झालेला हा पत्रव्यवहार १९७७ साली अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली छापला गेला. धर्ममतांवरून वाद, बिशपांच्या अधिकारावरून वाद, जेवणातल्या अंड्यांवरून वाद. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत, असंही त्यांनी विचारलं. सिस्टर जेरल्डीनना हा ब्राह्मणी अहंकार वाटला. एवढं होऊनही मैत्री तुटली नाही. रमाबाईंची लेक मनोरमा त्याच सिस्टरच्या मायेत वाढत होती. आणि जेरल्डीनबाईंनीच हा सगळा पत्रव्यवहार, स्वतःला न शोभणाऱ्या पत्रांसकट, जपून एकत्र लावून ठेवला. श्रद्धेतल्या मैत्रीचा याहून प्रामाणिक दस्तऐवज मराठी माणसाच्या वाट्याला आलेला मला माहीत नाही. आमचे लोक मात्र त्यातली एकच ओळ उचलून एकतर रमाबाईंना बंडखोर ठरवतात नाहीतर जेरल्डीनना साम्राज्यवादी. पत्रं सलग वाचण्याचे कष्ट कोणी घेत नाही.

आणि मग केडगाव. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य हिंदुस्थानातून उपाशी, खंगलेल्या शेकडो मुली त्यांनी आणल्या. दुष्काळात आईबाप गमावलेल्या बाईला त्या मुलींच्या डोळ्यांत काय दिसलं असेल ते सांगायला नको. शेती, माग, तेलघाणा, छापखाना असं सगळं तिथल्या मुक्ती मिशनमध्ये उभं राहिलं. अंध मुलींना ब्रेल शिकवलं गेलं. हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं साध्या बायाबापड्यांना कळेल असं मराठी करण्यात रमाबाईंची अखेरची वर्षं गेली. त्याचे खिळे मुक्तीतल्याच बायकांनी जुळवले. १९२१ साली मनोरमा गेली, तरी काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या आणि १९२४ साली ते बायबल बाहेर आलं.

उपासना संगीताविषयी थोडक्यात सांगतो, कारण त्यावर मी याआधी पुष्कळ लिहिलं आहे. टिळक, कृ. र. सांगळे आणि त्यांच्या बरोबरीच्यांनी अभंग, ओव्या, पदं दिली नसती तर आमच्या खेड्यापाड्यांतल्या मंडळ्या विलायती चालींवर भाषांतरं म्हणत बसल्या असत्या. ज्याला अक्षर येत नव्हतं त्याला गीतं तोंडपाठ होती, आणि अडल्या वेळी माणसाला तीच आठवत.

१९७२ चा दुष्काळ मी डोळ्यांनी पाहिला. नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावात विहिरी आटल्या, जनावरं कवडीमोल गेली. सगळं गाव खडी फोडायला रोजगाराच्या कामावर. दुपारी सुकडी मिळायची आणि घरी लाल मिलो ज्वारीच्या भाकरी. आमच्या मंडळीतल्या बाया कामावरून येऊन हातपाय धुऊन संध्याकाळी कोणाच्या तरी अंगणात जमायच्या. कंदील, एक पेटी आणि गीतपुस्तकाची फाटकी प्रत. मग साक्ष द्यायची वेळ यायची. एक म्हातारी उठायची आणि सांगायची की आज कामावर चक्कर आली, शेजारच्या मराठ्याच्या सुनेनं आपली सुकडी मला दिली, प्रभूनं तिच्या हातून दिली. दुसरी सांगायची की नवऱ्याचा पत्ता नाही, पण मन शांत आहे. रडणं असायचं, पण कुरकुर नसायची. आमच्या पाळकांना त्या सालात पगार वेळेवर मिळत नव्हता, तेही त्याच खडीवर कामाला जात आणि रविवारी उपदेश करत. त्यांच्या उपदेशातलं एक वाक्यही मला आज आठवत नाही, त्यांचे सोललेले हात मात्र आठवतात.

पाऊस आला त्या वर्षीची हंगामाची उपासना मी विसरलेलो नाही. वेदीपुढे बाजरीची कणसं, भोपळे, अंडी, एक कोंबडी. लिलावात ती कोंबडी विकत घेतली गावच्या वाण्यानं. तो देवळात कधी आलेला नव्हता. घेतली आणि पुन्हा मंडळीलाच देऊन टाकली.

वसईकडचं चित्र वेगळं आहे. तिथली कॅथलिक घरं कित्येक पिढ्यांपासून सामवेदी, वाडवळी बोलत शेतीबागायतीत रुजलेली. १९५५ पासूनच्या 'सुवार्ता' मासिकानं त्या माणसाला लिहितं केलं. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी त्याचं संपादन करता करता हरित वसईसाठी झगडा मांडला, तेव्हा श्रद्धा म्हणजे शेजाऱ्याची विहीर वाचवणं हे त्यांनी करून दाखवलं. 'सुबोध बायबल' नंतर आलं. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले तेव्हा विरोध झाला, धमक्या आल्या, पाठीचं दुखणं होतं, तरी ते आले आणि बोलले. २०२४ च्या जुलैत ते गेले. त्यांच्या निधनावर आमच्यातले काही तथाकथित कडवे जे बोलले ते इथे उतरवायची माझी इच्छा नाही.

आज काय चाललंय? शहरातल्या मंडळ्यांतून मराठी उपासना पहाटेच्या वेळेत ढकलली गेली आहे आणि तिला म्हातारी माणसं येतात. मुलं पडद्यावरचे इंग्रजी शब्द वाचून गातात. आवाज मोठा आहे, वाद्यं चांगली आहेत. मला त्याचं वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते साक्षीचं. साक्षीला उभा राहिलेला तरुण सांगतो की प्रभूनं मला व्हिसा दिला, फ्लॅट दिला, बढती दिली. देव देतो हे खरंच आहे. पण ज्याला यातलं काही मिळालं नाही तो मागच्या बाकावर बसून काय समजतो? आपली श्रद्धा कमी पडली असं समजतो आणि पुढच्या रविवारी येत नाही. असे दोघे-तिघे माझ्या घरी येऊन बोलून गेले आहेत. त्यांच्या हातात मी 'स्मृतिचित्रे' दिलं. एकाला मराठी नीट वाचता येत नव्हतं, त्याला शांता गोखल्यांचं २०१७ चं इंग्रजी भाषांतर आणून दिलं. त्यानं ते वाचून संपवलं आणि विचारलं, ही बाई इतक्या हालातही देवाला जाब का विचारत नाही? मी म्हटलं, नीट वाच, ती नवऱ्याला विचारते, पाहुण्यांना विचारते, देवालाही विचारते, आणि मग उठून स्वयंपाकाला लागते.

आमच्या गावच्या त्या अंगणातल्या बायांपैकी एकीचीही साक्ष कोणी लिहून ठेवलेली नाही. काही घरांत जुन्या वह्या आहेत, मंडळीच्या दप्तरात कागद आहेत, 'ज्ञानोदय' आणि १९०३ पासूनच्या 'निरोप्या'चे जुने अंक वाळवी खाते आहे. आपल्याकडे शोधनिबंधांना अनुदान मिळतं, त्यात स्टीफन्स यांच्या ओव्यांतल्या विभक्तिप्रत्ययांची मोजदाद पुन्हा पुन्हा होते. त्यातला एखादा तरी तरुण अभ्यासक नगर, जालना, सोलापूरकडच्या खेड्यांत जाऊन सत्तरीपुढच्या बायांसमोर रेकॉर्डर ठेवून बसेल का? त्यांना १९७२ आठवतं. त्या सांगायला तयार आहेत, मी विचारून आलो आहे. येत्या उन्हाळ्यात कोणी निघणार असेल तर गावं आणि घरं दाखवायला मी बरोबर येतो.