जुन्या साखळी-करवतीचा जीर्णोद्धार

नांगर, पंप अथवा ऑइल-इंजिन बंद पडलें तर तें भंगारांत घालण्यापूर्वीं कां बंद पडलें हें पाहावें, असें शेतकरी बंधूंस सांगावयास नको. परंतु पेट्रोलवर चालणाऱ्या साखळी-करवतीच्या, म्हणजे बाजारांत जिला चेन-सॉ म्हणतात तिच्या, बाबतींत ही दृष्टि फारशी आढळत नाहीं. बंद पडलेली करवत एक तर कोपऱ्यांत गंजत पडते, नाहीं तर वजनावर विकली जाते. नोकरींतून निवृत्त झाल्यावर अशा करवती दुरुस्त करण्याचा छंद मला लागला. त्यांत जें कांहीं हातीं आलें तें वाचकांपुढें ठेवितों.

या यंत्राचा इतिहास मनोरंजक आहे. आंद्रेआस श्टील यांनीं १९२६ सालीं जर्मनींत स्टुटगार्ट येथें आपला कारखाना काढला आणि १९२९ सालीं पेट्रोलवर चालणारी करवत तयार केली. त्या काळच्या जड करवती दोन माणसांस मिळून धराव्या लागत; एका माणसानें चालवावयाच्या करवती १९५० च्या सुमारास पुढें आल्या. साखळीच्या दांतांची गोष्ट तर आपल्या बागायतदारांस विशेष रुचेल. अमेरिकेंतील ऑरेगन संस्थानांत जोसेफ कॉक्स नांवाच्या लांकूडतोड्यानें १९४६ सालीं ओंडका पोखरणारी भुंगेऱ्याची अळी पाहिली. ती आपल्या जबड्यांनीं डावीउजवीकडे कुरतडीत सहज पुढें सरकत होती. त्या जबड्यांच्या घडणीवरून त्यानें साखळीचे दांत बनविले व आजच्या साखळ्याही बहुतेक त्याच वळणाच्या आहेत. आंब्याचें खोड पोखरणारा भिरूड हा त्या अळीच्याच कुळांतला होय. जो आपला शत्रु, तोच तेथें गुरु झाला!

आतां माझ्या हातून घडलेली चूक प्रथम सांगतों. माझी पहिली करवत लांकडाच्या एका वखारींत कित्येक वर्षें पडून होती. मीं तिची धूळ पुसली, नवा प्लग बसविला, टाकी भरली आणि दोरी ओढली. चार-पांच ओढींत ती सुरू झाली. मला मोठा आनंद झाला. पण तो पांच मिनिटेंही टिकला नाहीं. आवाज एकाएकीं चढला आणि यंत्र थबकलें तें कायमचें. उघडून पाहतां पिस्टन सिलिंडरास घांसून चिकटलेला दिसला. या इंजिनास वेगळें वंगण नसतें. पेट्रोलांत मिसळलेलें तेल हेंच त्याचें वंगण. आंतील रबरी सील वाळून चिरलें होतें. त्यांतून बाहेरची हवा शिरली, पेट्रोल व त्याबरोबर तेलही कमी पडूं लागलें, आणि यंत्र कोरडें पडून जळालें. किरकोळ किमतीच्या सिलानें जें वाचलें असतें, तें माझ्या घाईनें गेलें. महसूल खात्यांत जन्म घालविलेल्या कारकुनानें पंचनाम्यापूर्वींच मुद्देमालास हात लावावा, ही गोष्ट लाजिरवाणी खरी.

तेव्हांपासून माझा क्रम ठरलेला आहे. प्रथम सायलेन्सर काढून त्याच्या छिद्रांतून पिस्टन पाहावा. तो गुळगुळीत असेल तर आशा आहे. धूर जाण्याच्या बाजूस उभे ओरखडे असतील तर तेल कमी पडलें असावें किंवा हवा गळत असावी. हवा येण्याच्या बाजूस असतील तर बहुधा गाळणींतून धूळ आंत गेली. दुसरें, इंजिनाचीं तोंडें बंद करून थोड्या दाबानें हवा भरावी. मापकाचा कांटा खालीं आला तर सील बदलल्याशिवाय दोरीस हात लावूं नये. तिसरें, कार्बोरेटरचा पातळ पडदा पाहावा. तो सुकलेल्या पानासारखा कडक झाला असेल तर बदलावा. चौथें, ठिणगी पाहावी. प्लगची फट अर्धा मिलिमिटर ठेवावी. जुन्या करवतींत पॉइंट असतात, ते घांसून साफ करावे. फ्लायव्हील ओढणीनेंच काढावें, हातोड्यानें नव्हे.

येथें पेट्रोलाविषयीं सांगितलें पाहिजे. पेट्रोलांत वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचें उद्दिष्ट आपल्या देशानें २०२५ सालीं गांठलें. ऊस लावणारांस ही गोष्ट हिताची. परंतु जुन्या करवतीस ती मानवत नाहीं. इथेनॉल ओलावा ओढून घेतें व जुनीं रबरें बिघडवितें. यास्तव पडदे व नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घ्याव्या, आणि काम संपल्यावर टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावें. जुन्या करवतीस मी एक लिटर पेट्रोलांत ४० मिलिलिटर टू-स्ट्रोक तेल घालतों. इंजिनाची परीक्षा उघड्यावर करावी; बंद खोलींत त्याचा धूर प्राणघातक होतो.

साखळीची परीक्षा फार सोपी आहे. धारदार साखळी ढलप्या पाडते, बोथट साखळी पीठ पाडते. पीठ पडूं लागलें कीं जोर न लावतां गोल कानस घ्यावी व सर्व दांत सारख्या कोनांत, सारखे फटके मोजून घांसावे.

आतां मुख्य गोष्ट. चालत्या करवतीच्या पट्टीच्या टोंकाचा वरचा भाग लांकडास लागला तर पट्टी पापणी लवण्यापूर्वीं उसळून चालविणाराच्या तोंडाकडे येते. अशा वेळीं साखळी थांबविणारा ब्रेक १९७० नंतरच्या दशकांत प्रचारांत आला; त्यापूर्वींच्या करवतींस तो नाहीं. माझ्याजवळ अशी एक करवत आहे. ती दुरुस्त करण्यास मला सात महिने लागले व आज ती पहिल्या ओढींत सुरू होते. गेल्या पावसाळ्यांत वादळानें पडलेला आंबा कापण्यासाठीं शेजारच्या आप्पांनीं ती मागितली. मीं नकार दिला. ते म्हणाले, "चालूं यंत्र देत नाहीं, मग दुरुस्त कशाला केलें?" कित्येक दिवस ते माझ्याशीं बोलले नाहींत. मीं ब्रेक असलेली दुसरी करवत देऊं केली, ती त्यांनीं शेवटीं नेली. माझा नकार आजही कायम आहे. दुरुस्त झालेलें यंत्र निर्धोक असतेंच असें नाहीं.

मग हा छंद कशाला, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर असें कीं, जुनी करवत उघडून जोडणाऱ्यास आपली रोजच्या कामाची करवत कळते. तिचा आवाज चढला तर तो तत्काळ थांबतो, तेल मापून घालतो, आणि गड्याच्या हातीं ती देण्यापूर्वीं ब्रेक पाहतो. याखेरीज जुन्या दप्तराच्या संवयीनें एवढेंच सुचवितों कीं, साग, आंबा, फणस, हिरडा इत्यादि झाडें आपल्या स्वतःच्या बांधावर असलीं तरी १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्यान्वयें परवानगी घेतल्याशिवाय तोडूं नयेत. करवत दुरुस्त करतां येते. तोडलेलें झाड पुन्हां जोडतां येत नाहीं.