चौपाटीसमोरचा इंग्रजीचा वर्ग

१८२९ साली मुंबईला उतरलेले स्कॉटिश पाद्री जॉन विल्सन इंग्रजी शिकवायला बसण्याआधी मराठी शिकायला कोकणात गेले. हर्णै-बाणकोटकडे तेव्हा स्कॉटिश मिशनची ठाणी होती. तिथे त्यांनी भाषेवर इतकी पकड बसवली की थोड्याच महिन्यांत ते मराठीतून प्रवचने देऊ लागले. पत्नी मार्गारेटही मराठी शिकल्या आणि त्यांनी मुंबईत मुलींसाठी शाळा काढल्या. १८३२ मध्ये विल्सननी गिरगावात आंब्रोळी इंग्रजी शाळा सुरू केली. गिरगाव चौपाटीसमोर आज दिसणारे विल्सन कॉलेज या शाळेतून वाढले आहे.

इथे इंग्रजी कशासाठी शिकवली जात होती, हे लपवण्याचे कारण नाही. हिंदू, पारशी, मुसलमान, ज्यू मुलांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारावा, ही विल्सन यांची मनापासूनची इच्छा होती. मात्र त्यांचा मार्ग कलकत्त्याच्या अलेक्झांडर डफ यांच्यापेक्षा वेगळा होता. डफ यांनी १८३० पासून सगळा भर इंग्रजीवर ठेवला होता. विल्सन यांना मुलाची स्वतःची भाषा आणि इंग्रजी दोन्ही हव्या होत्या. बेने इस्रायल मुलांसाठी तर त्यांनी हिब्रूचे व्याकरण मराठीतून लिहिले. अलिबागच्या आसपास पिढ्यान्‌पिढ्या तेल गाळून जगलेल्या या ज्यू समाजाला आपल्या धर्मग्रंथांची भाषा मराठीच्या आधाराने आणि एका ख्रिस्ती पाद्र्याच्या हातून पुन्हा भेटली. त्यांच्या संस्थेत शिकलेल्या जोसेफ एझिकेल राजपूरकर यांनी पुढे ज्यूंच्या प्रार्थना मराठीत आणल्या. विल्सन यांचा हेतू एक होता, निष्पन्न झाले दुसरेच. या संस्थेच्या इतिहासात असे वारंवार घडलेले दिसते.

तिच्या घडणीत वर्गाइतकाच वाटा जाहीर वादाचा आहे. १८३१ मध्ये विल्सन यांचा मोरभट दांडेकर यांच्याशी अनेक लोकांदेखत वाद झाला, तोही मराठीत. दांडेकरांनी आपली बाजू ‘हिंदुधर्मस्थापना’ या पुस्तकात छापली, त्याला विल्सननी पुस्तकानेच उत्तर दिले. मग साताऱ्याचे नारायणराव पुढे सरसावले, त्यांनाही १८३४ मध्ये ग्रंथरूपाने उत्तर मिळाले. छापखाना मुंबईत नुकता रुजत होता, आणि मराठी गद्याला युक्तिवादाची सवय लागत होती ती अशा झटापटींतून. १८५७ च्या पहिल्या महिन्यांत मुंबईच्या समुद्रकिनारी हिंदू धर्माचे पुरस्कर्ते विष्णुबुवा ब्रह्मचारी मिशनऱ्यांना प्रश्नांवर प्रश्न विचारत, तेव्हा ते ऐकायला गर्दी लोटे. अमेरिकन मिशनरी जॉर्ज बोवेन यांनी त्या वादांचा वृत्तांत इंग्रजीत प्रसिद्ध केला, आणि पुढे मराठीतही तो ‘समुद्रकिनारीचा वादविवाद’ म्हणून पुस्तकरूपाने आला. उभे राहून बोलणे, समोरच्याचे म्हणणे पुरते ऐकून घेणे, मुद्दा सोडून न भरकटणे: वक्तृत्वाचे हे शिक्षण या शहराने उघड्यावर घेतले.

वादाची किंमतही मोजावी लागली. १८३९ मध्ये धनजीभाई नवरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी विद्यार्थ्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि मुंबई हादरली. प्रकरण कोर्टात गेले. पालकांनी मुले काढून घेतली आणि वर्ग ओस पडू लागले. त्या घरांची वेदना समजून घेतल्याशिवाय या संस्थेची थोरवी सांगणे अन्यायाचे होईल. मुलगा शिकायला गेला आणि परका होऊन परतला, ही भीती तेव्हा पोकळ नव्हती. धनजीभाई पुढे स्कॉटलंडला गेले, पाद्री झाले आणि उतारवयात त्यांनी आपली कहाणी इंग्रजीत लिहिली. बेळगावचे बाबा पदमनजी हेही मुंबईत विल्सन यांच्याच फ्री चर्चच्या शाळेत शिकले आणि १८५४ मध्ये ख्रिस्ती झाले. त्यांनी मात्र मराठीत लिहिले. हिंदू विधवांच्या हालअपेष्टांवरची ‘यमुनापर्यटन’ १८५७ मध्ये आली आणि मराठी कादंबरीचा इतिहास सांगताना आजही तिच्यापासून सुरुवात होते.

बहुसंख्य विद्यार्थी मात्र ख्रिस्ती झाले नाहीत. ते इंग्रजी घेऊन घरी गेले.

त्या इंग्रजीत काय होते? पोथ्या आणि मोरोपंतांच्या आर्या ऐकत वाढलेल्या मुलांसमोर शेक्सपिअर, मिल्टन आणि वर्ड्‌स्वर्थ येऊन उभे राहत. मिशनच्या कॉलेजांत बायबलचा तास असे, आणि साहित्याचा तासही त्याच्यापासून फार दूर नसे. मद्रासच्या ख्रिश्चन कॉलेजचे विल्यम मिलर यांनी तर किंग लिअर, मॅक्बेथ, हॅम्लेट आणि ऑथेल्लो या नाटकांवर लिहिताना शेक्सपिअरला नीतीचा शिक्षक मानले. आजच्या समीक्षेला ही दृष्टी अरुंद वाटेल. तरी नाटकातल्या माणसाने असे का केले, तो चुकला कुठे, हा प्रश्न विद्यार्थ्याला गंभीरपणे विचारण्यात मोठी ताकद आहे. असा प्रश्न विचारायला शिकलेला मुलगा तो पुढे कोणालाही विचारू शकतो, अगदी शिकवणाऱ्या पाद्र्यालासुद्धा.

विल्सन स्वतः १८६८ मध्ये मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि १८७५ मध्ये वारले. समुद्राकडे तोंड करून उभी असलेली कॉलेजची गॉथिक धाटणीची इमारत त्यांना पाहायला मिळाली नाही. जॉन अ‍ॅडम्स या वास्तुरचनाकाराची ती इमारत १८८९ मध्ये पुरी झाली. मोरारजी देसाई आणि बाळ गंगाधर खेर इथेच शिकले. पण या कॉलेजचे सर्वांत अर्थपूर्ण नाव पांडुरंग वामन काणे यांचे वाटते. दापोलीच्या मिशन शाळेतून ते विल्सनमध्ये आले. ज्या कॉलेजच्या संस्थापकाने हिंदू धर्माच्या खंडनाचे ग्रंथ लिहिले, तिथल्या विद्यार्थ्याने पुढे धर्मशास्त्राचा इतिहास इंग्रजीत लिहिला. १९३० ते १९६२ या काळात त्याचे पाच खंड निघाले, पाने सहा हजारांच्या वर. त्यात खंडन नाही, मंडनाचा आवेशही नाही. पुरावा मांडायचा, पाठभेद दाखवायचे आणि मग मत द्यायचे, अशी ती पद्धत आहे. १९६३ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. मोरभट आणि विल्सन यांच्या वादाला मिळालेले हेच सर्वांत प्रगल्भ उत्तर, असे म्हणायला हरकत नाही.

काणे यांनी इंग्रजीत ज्ञान लिहिले. त्या भाषेत स्वतःचे जगणे लिहिणारा कवी याच कॉलेजात तयार व्हायचा होता. निसीम एझिकेल यांचा जन्म १९२४ चा, मुंबईतल्या बेने इस्रायल घरातला. वडील मोझेस विल्सनमध्येच वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते आणि आई शाळा चालवत. निसीम विल्सनमध्ये इंग्रजी साहित्य शिकले आणि १९४७ मध्ये एम.ए. झाले. पुढे ते लंडनला गेले, तत्त्वज्ञान शिकले, आणि १९५२ मध्ये ‘अ टाइम टू चेंज’ हा पहिला संग्रह निघाला. परतीच्या प्रवासाला पैसे नव्हते, म्हणून मालवाहू बोटीवर डेक घासत ते मायदेशी आले.

एझिकेल यांचे खरे धाडस त्यांच्या कानात होते. त्यांच्या आधीची बरीच भारतीय इंग्रजी कविता पुस्तकी, अलंकारांनी जड झालेली होती. त्यांनी मुंबईतली बोलती इंग्रजी पकडली. ‘नाइट ऑफ द स्कॉर्पियन’मध्ये विंचू चावलेली आई आहे, जमलेले शेजारी आहेत, मंत्र आणि पॅराफिन दोन्ही आहे, ही कविता पुढे भारतातच नव्हे, ब्रिटनमधल्या शाळांतही शिकवली गेली. मिस पुष्पा टी. एस. यांच्या निरोप समारंभाची कविता म्हणजे ऑफिसातले एक भाषण. चालू वर्तमानकाळाचा भरमसाट वापर करणारी आपली इंग्रजी त्यात जशीच्या तशी ऐकू येते. काहींना ती थट्टा वाटते. पण ज्या समाजाने परक्या भाषेत उभे राहून बोलण्यासाठी शंभरावर वर्षे घाम गाळला, त्याच्या बोलण्याला कवितेत जागा देण्यात मोठी आपुलकी आहे. मिठीबाई कॉलेजात आणि मग विद्यापीठात त्यांनी वर्षानुवर्षे इंग्रजी शिकवली, नवोदितांची हस्तलिखिते वाचून दिली. वृंदा नाबर यांच्यासह त्यांनी इंदिरा संतांच्या कविता इंग्रजीत नेल्या. १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांच्या ‘लॅटर-डे साम्स’ला मिळाला.

चौपाटीपासून थोड्याच अंतरावर, धोबीतलावला, जेझुइटांनी १८६९ मध्ये स्थापलेले सेंट झेवियर्स कॉलेज आहे. तिथल्या इंग्रजी विभागात युनिस डिसूझा यांनी तीन दशके शिकवले आणि त्या विभागप्रमुखही झाल्या. त्या पुण्यात वाढलेल्या, मूळच्या गोव्याच्या कॅथलिक घरातल्या. कॅथलिक कॉलेजात नोकरी करत असताना त्यांनी आपल्याच समाजातल्या दांभिकपणावर, बायकांना गप्प बसवणाऱ्या धार्मिकतेवर चारचार शब्दांच्या ओळींत कविता लिहिल्या. त्यांच्या वर्गाचा धाक होता. सैल शब्द त्यांना चालत नसे. कॉलेजात त्यांनी ‘इथाका’ हा साहित्य महोत्सव सुरू केला. तीच कठोर नजर त्यांनी संपादनातही ठेवली: १९९७ मधल्या भारतीय कवयित्रींच्या त्यांच्या संकलनात फक्त नऊ जणी आहेत.

विद्यार्थ्यांनी हा धाक मनावर घेतला, आणि त्याचा सुंदर पुरावा १९७९ चा आहे. डिसूझांची विद्यार्थिनी आणि कवयित्री मेलनी सिल्गार्डो यांनी संतान रॉड्रिग्ज आणि राउल डिगामा रोझ यांच्याबरोबर ‘न्यूग्राउंड’ ही कवींची सहकारी प्रकाशनसंस्था काढली होती. शिक्षिकेचा ‘फिक्स’ हा पहिला कवितासंग्रह त्या वर्षी याच संस्थेने छापला.