कराराच्या पोटकलमात सापडलेला सूर

इंग्लंडातील ब्रिस्टल शहरी कार्वर्डाइन यांच्या उपाहारगृहात गिऱ्हाइकांच्या मनोरंजनार्थ ग्रामोफोनची एक तबकडी लावण्यात आली, आणि ती काढणाऱ्या कंपनीने मालकांवर फिर्याद गुदरली. रीतसर दाम मोजून तबकडी विकत घेतली म्हणजे ती चारचौघांत वाजविण्याचा हक्कही तिच्याबरोबर पदरात पडतो, अशी कोणाही दुकानदाराची समजूत असावी हे स्वाभाविकच होते. परंतु १९३४ साली निकाल झाला तो कंपनीच्या बाजूने, आणि त्याच वर्षी बड्या ग्रामोफोन कंपन्यांनी एकत्र येऊन हा नवा हक्क वसूल करण्यासाठी ‘फोनोग्राफिक परफॉर्मन्स लिमिटेड’ नावाची संस्था उभारली. ज्या गायिकेविषयी येथे लिहावयाचे आहे त्या सँडी डेनीच्या जन्माला त्या वेळी तेरा वर्षांचा अवकाश होता. तरीही तिच्या गळ्यातील जे सर्वांत अनलंकृत, सर्वांत निकटचे गाणे आज आपल्याला ऐकावयास मिळते, त्याचे मूळ शोधू लागले तर ते या उपाहारगृहापर्यंत जाऊन पोहोचते.

तबकड्या वाजविण्याची मुभा द्यावयाची, परंतु मोजून द्यावयाची, असे या संस्थेचे धोरण होते, आणि ब्रिटिश नभोवाणीशी, म्हणजे बी. बी. सी. शी, तिने केलेल्या करारात दर आठवड्यास अमुक तासांहून अधिक काळ व्यापारी ध्वनिमुद्रिका लावता येणार नाहीत, असा निर्बंध असे. ‘नीडल टाइम’ या नावाने हा निर्बंध बी. बी. सी. मध्ये सर्वतोमुखी होता. वादकांच्या संघटनेचाही त्याला भरभक्कम पाठिंबा होता, आणि तिची बाजू मुळीच कमकुवत नव्हती. तबकडी फुकटात फिरू लागली तर जिवंत वादकाच्या पोटावर पाय येणार, हे भाकीत पुढे पुष्कळसे खरेही ठरले. तास संपले की नभोवाणीस गाणे लागे ते मनुष्याकडून प्रत्यक्ष गाऊन घेतलेले. त्यामुळे लोकप्रिय गीतांच्या नकला बी. बी. सी. च्या पगारी वाद्यवृंदांकडून वाजवून घेतल्या जात, आणि आपले आवडते गाणे मूळ गायकाऐवजी नोकरपेशाच्या शिस्तीत वाजलेले ऐकण्याचा प्रसंग तरुण श्रोत्यांवर वारंवार येई. भर समुद्रात जहाजे नांगरून, कोणत्याही कराराची पत्रास न बाळगता, दिवसभर तबकड्या लावणारी ‘रेडिओ कॅरोलाइन’सारखी चाचे-केंद्रे १९६४ पासून भरभराटीस आली, त्याचे एक कारण हेच होते. सरकारने १९६७ च्या ऑगस्टात कायदा करून त्यांपैकी बहुतेक बंद पाडली आणि ३० सप्टेंबर रोजी ‘रेडिओ वन’ हे नवे केंद्र सुरू झाले. श्रोते बदलले, निवेदकांपैकी जॉन पीलसारखे कित्येक तर त्या जहाजांवरूनच उतरून आले, पण करार मात्र होता तसाच राहिला.

या अडचणीतून ‘सेशन’ नावाची जी पद्धत रूढ झाली ती अशी. गायकाला किंवा वाद्यमेळाला नभोवाणीच्या स्टुडिओत बोलवावयाचे, एका बैठकीत तीन-चार गाणी ध्वनिमुद्रित करून घ्यावयाची, आणि ती एखाद-दुसऱ्या वेळी प्रक्षेपित करावयाची. मेडा व्हेल येथील स्टुडिओ त्यांपैकी प्रसिद्ध; चाकांच्या बुटांवर घसरण्याच्या खेळासाठी बांधलेली ती प्रशस्त वास्तू १९३० नंतरच्या वर्षांत बी. बी. सी. ने घेतली होती. नवख्यांना आधी परीक्षक मंडळापुढे उत्तीर्ण व्हावे लागे. ग्रामोफोन कंपनीच्या स्टुडिओत एकेका गाण्यावर आठवडेच्या आठवडे खर्ची पडत, वाद्यांचे थर एकावर एक चढविले जात. येथे वेळ बेताचा, पैसा त्याहून बेताचा, आणि तीस व्हायोलिने घेऊन येण्याचा तर प्रश्नच उद्भवत नसे. जो येई तो आपला आवाज आणि आपले एक वाद्य घेऊन येई.

सँडी डेनीचे या पद्धतीत जे झाले ते इतर अनेकांच्या वाट्यास आले नाही. ती १९४७ च्या जानेवारीत लंडनच्या नैर्ऋत्य उपनगरात जन्मली. लहानपणी पियानोचे शास्त्रोक्त शिक्षण, पुढे काही काळ रुग्णालयात परिचारिकेचे काम, मग किंग्स्टनची कलाशाळा आणि त्याच सुमारास लोकगीत-मंडळांतून गिटार घेऊन गाणे, असा तिचा क्रम होता. नभोवाणीशी तिचा संबंध तेव्हापासूनचा. १९६६ च्या अखेरीस, लोकगीतांच्या जतनासाठी प्रसिद्ध असलेल्या सेसिल शार्प हाउसमध्ये भरणाऱ्या ‘फोक साँग सेलर’ या कार्यक्रमात तिने एक गेलिक गीत गाइले, ते आज उपलब्ध आहे. ‘फेअरपोर्ट कन्व्हेन्शन’ या वाद्यमेळात ती १९६८ साली दाखल झाली आणि इंग्लंडच्या जुन्या कथागीतांना विजेच्या गिटारींची जोड देण्याच्या प्रयोगात तिचा वाटा मोठा होता. ‘हू नोज व्हेअर द टाइम गोज’ हे तिचे गीत ज्यूडी कॉलिन्स या अमेरिकन गायिकेने त्याच वर्षी ध्वनिमुद्रित केल्यामुळे ते कर्तीच्या आधी सातासमुद्रापलीकडे जाऊन पोहोचले. ‘मेलडी मेकर’ या साप्ताहिकाच्या वाचकांनी १९७० आणि १९७१ अशी लागोपाठ दोन वर्षे तिला ब्रिटनमधील सर्वोत्कृष्ट गायिका ठरविले. परंतु कौल मिळणे वेगळे आणि तबकड्या खपणे वेगळे, हा अनुभव तिला आमरण येत राहिला.

तिच्या स्वतंत्र ध्वनिमुद्रिका चार: १९७१, १९७२, १९७४ आणि १९७७ या सालांतल्या. खप वाढावा या सद्हेतूने त्यांवर उत्तरोत्तर साज चढत गेला. १९७१ च्या पहिल्याच तबकडीपासून हॅरी रॉबिन्सन यांच्या तंतुवाद्यवृंदाने तिच्या गाण्याभोवती मखमलीचे पडदे सोडावयास प्रारंभ केला, आणि १९७४ च्या ‘लाइक अॅन ओल्ड फॅशन्ड वॉल्ट्झ’मध्ये तर ते इतके घनदाट झाले की गायिका आत आहे की बाहेर, असा क्षणभर संभ्रम पडावा. रॉबिन्सन यांच्या योग्यतेविषयी शंका नाही. त्यांची रचना सुंदरच आहे. तक्रार एवढीच की सुंदर वस्तूलाही जागा लागते, आणि ही जागा ज्या विरामांतून घेतली गेली ते विरामच सँडी डेनीच्या गाण्याचा प्राण होते.

हे विधान तपासून पाहावयाचे तर १९७१ ते १९७३ या काळातील तिची नभोवाणीवरील ध्वनिमुद्रणे ऐकावी लागतात. ‘इट्ल टेक अ लाँग टाइम’ हे गीत तबकडीवर वाद्यमेळासह आहे, आणि स्नीकी पीट क्लाइनो या अमेरिकन वादकाची पेडल स्टील गिटार त्यात ओळीओळीच्या सांध्यांतून वाहत असते. नभोवाणीसाठी तेच गीत तिने एकटीने गाइले. सांधे उघडे पडले. आणि उघडे पडताच लक्षात येते की ओळ संपविताना ही बाई सूर तोडीत नाही, तो हळूहळू श्वासात विरवून टाकते, आणि पुढील ओळीचा आरंभ तालाच्या किंचित मागे ठेवते. आपल्याकडील जाणता श्रोता ज्यांना कण आणि मुरकी म्हणेल तसले सूक्ष्म स्वरालंकार, जे तिने लोकगीतांच्या परंपरेतून उचलले होते, ते तबकडीवर व्हायोलिनांच्या गर्दीत झाकले जातात, आणि येथे एकेक सुटा ऐकू येतो. ‘द लोलँड्स ऑफ हॉलंड’ हे परंपरागत गीत तर तिने नभोवाणीसाठी कोणत्याही वाद्याच्या साथीविना म्हटले. समुद्राने नेलेल्या प्रियकराचा तो शोक आहे, आणि त्यात आक्रोश नाममात्र नाही.

पियानोची गोष्ट याहून निराळी. ती पियानो वाजवी तो साथीदारासारखा नव्हे, तर गाता गाता स्वतःशीच विचार करणाऱ्या मनुष्यासारखा: डाव्या हाताचे संथ, भारदस्त स्वरसमूह, आणि शब्दाचे वजन वाढले की लय जराशी मागे रेटण्याची मोकळीक. दुसरा वादक बरोबर आला की ही मोकळीक संपते, कारण त्याला मात्रा मोजावयाच्या असतात. १९७३ च्या सेशनमधील ‘सोलो’ या गीतात ती संपूर्ण शाबूत आहे. त्याच नावाचे गीत तबकडीवर वाद्यमेळासह ऐकताना, शीर्षक आणि सजावट यांतील विसंगती कोणाच्याच ध्यानी कशी आली नाही याचे नवल वाटते.

असे असले तरी साधेपणालाच सत्य समजण्याची जी एक भाबडी रीत अलीकडे पडली आहे, तिला माझी मान्यता नाही. कलावंत एकटा बसला म्हणजे तो आपोआप खरे बोलू लागतो, असे मानण्यास आधार नाही. एकटेपणाचेही नाटक वठविता येते, आणि पुष्कळांनी ते वठविले आहे. खुद्द सँडी डेनीचेच उदाहरण घ्यावयाचे तर ‘द क्वाएट जॉइज ऑफ ब्रदरहूड’ या गीतात तिने स्वतःच्याच आवाजाचे थर एकावर एक रचून जे गंभीर गायन सिद्ध केले आहे, ते स्टुडिओतील कृत्रिम कौशल्यावाचून अस्तित्वातच आले नसते, आणि तिच्या श्रेष्ठ कृतींत त्याची गणना करावीच लागेल. नभोवाणीवरील काही गाणी घाईची आहेत. क्वचित गिटारीचा सूर किंचित उतरलेला आहे आणि तो पुन्हा लावण्यास वेळ नव्हता, हेही जाणवते. माझे म्हणणे त्याहून माफक आहे. या विशिष्ट गायिकेच्या बाबतीत, तिच्या हितचिंतकांची अभिरुची जे करू धजली नाही ते एका रुक्ष करारनाम्याने, तसा काडीमात्र हेतू नसताना, करून टाकले.

आणि ज्या बी. बी. सी. च्या दप्तरी हे घडले तिनेच ते पुसूनही टाकले. ध्वनिफिती महाग होत्या, प्रक्षेपणाचा हक्क एक-दोन वेळांपुरताच असे, तेव्हा मुदत संपलेल्या कार्यक्रमाची फीत पुसून तिच्यावर नवा कार्यक्रम घेणे हा तेथील नित्याचा शिरस्ता होता. त्यात दुष्टपणा नव्हता, काटकसर होती. परिणाम मात्र तोच. जे वाचले ते आडवाटांनी वाचले. परदेशी नभोवाणी केंद्रांना पाठविण्यासाठी बी. बी. सी. चे एक खाते निवडक कार्यक्रमांच्या तबकड्या काढीत असे, त्यांतील काही तगल्या. काही फिती एखाद्या निर्मात्याने स्वतःच्या जबाबदारीवर बाजूला ठेवल्या. आणि काही गाणी तर केवळ एवढ्यामुळे राहिली की इंग्लंडातील कोणा अनामिक श्रोत्याने ती घरच्या यंत्रावर टिपून घेतली होती.

सँडी डेनी १९७८ च्या एप्रिलमध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, मेंदूतील रक्तस्रावाने मृत्यू पावली. तिची मुलगी त्या वेळी वर्षाचीही झाली नव्हती. नभोवाणीवरील गाण्यांचा एक संग्रह १९९७ साली ‘स्ट्रेंज फ्रूट’ या संस्थेने काढला खरा. जॉन पीलच्या कार्यक्रमातील सेशने प्रसिद्ध करण्यासाठीच ही संस्था १९८६ मध्ये निघाली होती. परंतु संग्रह बाजारात आला न आला तोच परवान्यांच्या तंट्यापायी मागे घ्यावा लागला, आणि ज्यांना मिळाला त्यांनी तो जपून ठेवला. तीन ध्वनि-तबकड्या आणि एक चित्र-तबकडी असा ‘लाइव्ह अॅट द बी. बी. सी.’ हा विस्तृत संच निघावयास त्यानंतर २००७ साल उजाडले. हक्कांच्या वादातून जन्मलेले हे गाणे हक्कांच्याच वादात दहा वर्षे अडकून पडावे, यात एक प्रकारची सुसंगतीच आहे.

नीडल टाइमचा निर्बंध आता राहिलेला नाही. ब्रिटनच्या मक्तेदारी आयोगाने १९८८ साली त्याविरुद्ध अभिप्राय दिला आणि थोड्याच काळात तो इतिहासजमा झाला. आता केंद्रांनी चोवीस तास तबकड्या लावाव्यात, कोणाची आडकाठी नाही. तरीही सेशनची पद्धत बंद पडली नाही, आणि जॉन पीलने तर ती २००४ मधील आपल्या मृत्यूपर्यंत चालविली. नियम होता तोवर जी गैरसोय होती तिला नियम गेल्यावर प्रतिष्ठा आली, आणि ‘साज उतरवून’ गाणे हा पुढे एक व्यापारी प्रकारच होऊन बसला. त्या नंतरच्या मालात आणि या जुन्या ध्वनिमुद्रणांत फरक आहे तो असा की सँडी डेनी साधेपणा दाखविण्यासाठी तेथे बसली नव्हती; दुपारभरात चार गाणी संपवून तिला घरी जावयाचे होते. ज्यांना हा फरक स्वतः पडताळून पाहावयाचा असेल त्यांनी २००७ च्या संचातील ‘सोलो’ आधी ऐकावे आणि मूळ ध्वनिमुद्रिकेवरील नंतर. क्रम उलटा केला तर पहिली आवृत्ती अपुरी वाटण्याचा संभव आहे, आणि तसे वाटण्याचा दोष कानांचा नसून सवयीचा असेल.