पक्षाघातानंतर आहार किती द्यावा?

पक्षाघाताच्या रुग्णाला नळीने अन्न सुरू झालं, की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘किती द्यायचं?’ नुसतं पडून असलं तरी हृदय, मेंदू, श्वास यांना ऊर्जा लागतेच. १९९० च्या मिफ्लिन-सेंट जिओर सूत्रानुसार ६५ वर्षांच्या, ६० किलो वजनाच्या, १६५ सेंटीमीटर उंचीच्या पुरुषाला त्यासाठी दिवसाला सुमारे १३१० कॅलरी लागतात. पण हे सूत्र निरोगी माणसांवरून बेतलेलं. लुळ्या पडलेल्या बाजूचे झिजलेले स्नायू त्याला दिसत नाहीत. शिवाय उभं राहता न येणाऱ्याची उंचीही बहुधा अंदाजानेच धरलेली! कमी पडलं तर स्नायू आणखी झिजतात, जास्त झालं तर मधुमेहींची साखर चढते. श्वासातला ऑक्सिजन मोजणारं यंत्र खरी गरज सांगतं. मात्र ते मोजक्याच रुग्णालयांत असतं. ते नसेल तिथे आहारतज्ज्ञांकडून वजन पाहून आकडा वेळोवेळी बदलून घ्यावा. व्यायाम सुरू झाल्यावर तर नक्कीच.