चेंबर फुटला तर गाडी पुढे दामटू नका. इंजिन वाचवायचं असेल तर हे वाचा

पावसानंतर शिवाररस्ते उखडले की पिकअप, जीपचा चेंबर फुटायचे प्रकार वाढतात. चेंबर म्हणजे इंजिनाच्या बुडाला बसवलेलं ऑइलचं भांडं. वर आलेला दगड लागला की ते चेपतं किंवा चिरतं. बाजार समितीत माल पोचवायच्या घाईत अनेक जण तशीच गाडी पुढे काढतात. इथेच घात होतो. ऑइल संपलं की बेअरिंग घासतात, इंजिन जाम होतं. चेंबरचं काम थोडक्यात होतं, इंजिनाचं काम मात्र हंगामाची कमाई खातं. म्हणून ऑइलचा लाल दिवा लागला की लगेच इंजिन बंद करायचं, माल दुसऱ्या गाडीत भरायचा आणि आपली गाडी ओढून न्यायची.

चेंबर काढताना

गाडी सपाट, टणक जागेवर घ्यावी. चाकांना दगड लावावेत. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली कधीही शिरू नये. मजबूत स्टँड लावलेच पाहिजेत. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी. इंजिन कोमट असताना ड्रेन नट खोलून ऑइल घमेल्यात काढावं. चेंबरचे बोल्ट सगळीकडून थोडे थोडे ढिले करावेत. कोपऱ्यातले दोन बोल्ट शेवटपर्यंत ठेवावेत, नाहीतर चेंबर अंगावर पडतो. चिकटून बसला तर लाकडी हातोडीने हलके ठोके द्यावेत. स्क्रू ड्रायव्हर खुपसून उचकटलं की बसायची जागा खराब होते आणि गळती कायमची मागे लागते. काही गाड्यांत एक्सल किंवा सायलेन्सरचा पाइप आडवा येतो, इंजिन उचलावं लागतं. ते काम गॅरेजमध्येच करावं.

आत काय बघायचं

चेंबरच्या तळाशी चकाकणारा धातूचा चुरा दिसला तर बेअरिंग घासल्याची शंका घ्यावी. मिस्त्रीला दाखवल्याशिवाय चेंबर बंद करू नये. ऑइल ओढणारी जाळी धुवावी, वाकली असेल तर बदलावी. पत्र्याचा चेंबर थोडा चेपला असेल तर सरळ होतो, पण काठ सपाट आहे का हे बघावं. ॲल्युमिनियमच्या चेंबरला चीर गेली असेल तर नवीन घेतलेला बरा. एमसील लावणं हा फक्त गॅरेजपर्यंत जायचा इलाज.

बसवताना

दोन्ही बाजूंचं जुनं पॅकिंग खरवडून तेलाचा अंश पुसावा. सिलिकॉन लावायचं असेल तर बारीक सलग रेघ, बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने. जास्त लावलं तर आत सुटून जाळीत अडकतं. बोल्ट आधी हाताने लावावेत, मग मधून बाहेर, समोरासमोर, दोन-तीन फेऱ्यांत आवळावेत. हे बोल्ट बारीक असतात. जोर लावला की आटे जातात किंवा पॅकिंग चिरडतं. ड्रेन नटला नवीन वायसर टाकावा. सिलिकॉनच्या ट्यूबवर लिहिलेला वेळ सुकू द्यावं.

मग नवीन फिल्टर आणि पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचं ऑइल भरावं. गाडी चालू केल्यावर काही सेकंदांत लाल दिवा विझला पाहिजे. नाही विझला तर लगेच बंद. विझला तर थोडा वेळ चालवून खाली गळती बघावी, बंद करून पाच-दहा मिनिटांनी पट्टीवर माप घ्यावं.

काढलेलं ऑइल ओढ्यात, विहिरीकाठी ओतू नये. डब्यात भरून जुनं ऑइल जमा करणाऱ्या गॅरेजला द्यावं. पाणी आपल्यालाच प्यायचं आहे.